बोटाआधी वही : स्पर्शपडद्यावरील सिम्युलेशनने विद्युत परिपथ शिकवताना

इयत्ता नववीच्या ‘धाराविद्युत’ या प्रकरणाची खरी अडचण अशी की, त्यात जे शिकवायचे ते डोळ्यांना दिसतच नाही. घट दिसतो, तार दिसते, लागलेला दिवा दिसतो. तारेतून काय वाहते, किती वाहते आणि दिव्यापाशी पोहोचल्यावर त्याचे काय होते, हे मात्र फळ्यावर बाण काढून सांगावे लागते. विद्यार्थी ते बाण वहीत उतरवून घेतात, ओहमचा नियम पाठ करतात, उदाहरणेही बरोबर सोडवतात आणि मनातली मूळ समजूत जशीच्या तशी घेऊन दहावीत जातात. बोटाने हाताळता येणारी सिम्युलेशने, म्हणजे पडद्यावर चालणाऱ्या प्रयोगाच्या प्रतिकृती, येथे उपयोगी पडतात, परंतु तास कसा चालवायचा हे आधी ठरवले नसेल तर त्याचा नुसता खेळ होतो, आणि मुले खुशीत बाहेर पडली म्हणजे शिकवून झाले, असा समज शिक्षकाचाही होऊन बसतो. पुढे जे सांगितले आहे ते परिपथाच्या उदाहरणावरून असले, तरी इतर संकल्पनांनाही त्यातले बरेचसे लागू पडते.

टॅब केव्हा उघडावा

वर्गात हाताने करता येणारी गोष्ट हातानेच करावी. दोऱ्याला दगड बांधून लंबक करता येतो. एक मीटर लांबीच्या लंबकाला एका आंदोलनास सुमारे दोन सेकंद लागतात, हे मुलांनी घड्याळ धरून, मोजताना चुकून आणि पुन्हा मोजून काढावे, त्याची सर पडद्याला येत नाही. तोच लंबक चंद्रावर नेला तर सुमारे पाच सेकंद घेईल, हे मात्र दगड-दोऱ्याने दाखवता येत नाही आणि तेथे सिम्युलेशनचे काम सुरू होते. जे अदृश्य आहे, जे धोक्याचे आहे, जे वर्गात आणता येत नाही, किंवा जे फार वेगाने वा फार सावकाश घडते, त्यासाठीच टॅब उघडावा. परिपथातील विद्युतधारा अदृश्य आहे आणि घटाची दोन्ही टोके नुसत्या तारेने जोडणे धोक्याचेही आहे, म्हणून हे प्रकरण सिम्युलेशनसाठी विशेष सोयीचे ठरते.

साधन म्हणून मी ‘फेट’ या प्रकल्पाचे ‘सर्किट कन्स्ट्रक्शन किट : डीसी’ वापरते. अमेरिकेतील बोल्डर येथील कोलोरॅडो विद्यापीठात २००२ मध्ये कार्ल वायमन यांनी हा प्रकल्प सुरू केला. त्याच्या आदल्याच वर्षी त्यांना भौतिकशास्त्राचे नोबेल पारितोषिक विभागून मिळाले होते. सुरुवातीची सिम्युलेशने संगणकावर माउसने चालणारी होती आणि त्यांतली बरीच फ्लॅश किंवा जावा या संगणक-तंत्रांवर अवलंबून होती. फ्लॅश २०२० च्या अखेरीस बंद पडले, पण तोवर त्यांतील पुष्कळशी नव्या रूपात आली होती आणि ती साध्या ब्राउझरमध्ये, टॅबवर किंवा फोनवर, बोटाने चालतात. संकेतस्थळावर ती विनामूल्य आहेत आणि अनेकांची मराठी रूपेही तेथे मिळतात. ही भाषांतरे स्वयंसेवकांनी केलेली असल्यामुळे त्यांतल्या संज्ञा पाठ्यपुस्तकाशी जुळतीलच असे नाही. पुस्तकात ‘रोध’ (धारेला होणारा अडथळा) आणि पडद्यावर दुसराच शब्द आला, तर मुलांना त्या दोन वेगळ्या राशी वाटतात. तेव्हा दोन्हींची जुळणी आदल्या दिवशी करून ती फळ्याच्या कोपऱ्यात लिहून ठेवावी.

आदल्या दिवशीच आणखी एक काम उरकावे. सिम्युलेशनची संपूर्ण फाइल उतरवून घेता येते आणि मग इंटरनेट नसतानाही ती ब्राउझरमध्ये उघडते. शाळेच्या वायफायवर विसंबून चाळीस मुलांसमोर उभे राहणे, हे धाडस मी एकदाच केले. फाइल प्रत्येक टॅबवर टाकून, ती खरोखर उघडते की नाही हे प्रत्येक टॅबवर पाहून, सगळे टॅब रात्री चार्जिंगला लावावेत, कारण वीज जायला आपला तासच सापडतो.

पहिली सात मिनिटे मोकळी

तास सुरू होताच सूचना देऊ नयेत. नवी वस्तू हातात आलेल्या मुलाला ‘थांब, आधी ऐक’ म्हणणे व्यर्थ आहे. ते ऐकत नाही आणि त्यात त्याची चूकही नसते. पाच ते सात मिनिटे मोकळी सोडावीत आणि एवढेच सांगावे की, मला दिवा लावून दाखवा. तार ओढून आणायची, टोकाला टोक टेकवायचे की ते आपोआप चिकटते, जोडावर बोट टेकवले की कात्री दिसते आणि तिने जोड सुटतो, दिव्यावर बोट टेकवले की त्याचा रोध बदलण्याची पट्टी येते, हे सारे कोणी न सांगता मुले शोधून काढतात. घटाची दोन टोके नुसत्या तारेने जोडून घटाला आग लावणारा गट प्रत्येक वर्गात निघतो. त्याला रागावू नये. लघुपरिपथन म्हणजे काय, हे त्याने आता पाहिलेले असते आणि त्या धड्याच्या वेळी तोच आपला साक्षीदार होतो. खऱ्या घटावर हे करायचे नाही आणि भिंतीवरच्या प्लगपाशी तर काहीच करायचे नाही, एवढे मात्र त्याच क्षणी स्पष्ट बजावावे.

सात मिनिटे झाली की टॅब पालथे ठेवायला सांगावेत. ‘बंद करा’ म्हटले तर कोणीतरी जुळवलेले सगळे पुसून टाकतो, म्हणून पालथे.

आधी भाकीत, मग बोट

आता पडद्यावरचा नव्हे, फळ्यावरचा प्रश्न. एक घट आणि एकामागून एक, म्हणजे एकसर जोडणीत, दोन सारखेच दिवे. कोणता दिवा जास्त उजळेल? प्रत्येकाने उत्तर आपापल्या वहीत, कारणासह, पेनने लिहायचे. पेन्सिलने नाही, कारण पेन्सिलचे उत्तर नंतर खोडले जाते आणि ‘मला आधीपासून माहीत होते’ म्हणणाऱ्यांची संख्या वाढते. आधी भाकीत, मग निरीक्षण, मग स्पष्टीकरण असा हा क्रम आहे. ऑस्ट्रेलियातील रिचर्ड व्हाइट आणि रिचर्ड गनस्टन यांनी १९९२ मध्ये त्याची सविस्तर मांडणी केली, आणि सिम्युलेशनच्या तासात तो पाळण्याची गरज नेहमीच्या प्रयोगापेक्षाही जास्त असते. प्रयोगात साहित्य जुळवण्यात पाच मिनिटे जातात आणि तेवढ्यात मुलाच्या डोक्यात काही विचार होतो. पडद्यावर उत्तर एका बोटाच्या अंतरावर असते. विचार करण्याआधीच ते दिसून जाते, आणि न विचारलेल्या प्रश्नाचे उत्तर कोणाच्या लक्षात राहत नाही.

माझ्या अनुभवात वर्गातील निम्म्याहून जास्त वह्यांमध्ये ‘पहिला दिवा’ असे उत्तर असते आणि कारणही ठरलेले असते: वीज आधी त्याच्याकडे येते, तो काही वापरतो, उरलेली दुसऱ्याकडे जाते. ही समजूत केवळ आपल्या मुलांची नाही. न्यूझीलंडमधील रॉजर ऑस्बॉर्न यांनी १९८० च्या दशकात मुलांच्या मनातील विद्युतधारेच्या कल्पना तपासल्या, तेव्हा वाटेत धारा खर्च होते ही कल्पना त्यांत ठळकपणे होती; शिवाय घटाच्या दोन्ही टोकांकडून दोन धारा निघतात आणि दिव्यात त्यांची टक्कर होऊन उजेड पडतो, असे मानणारी मुलेही होती.

वह्या मिटल्यावर टॅब उलटे करायचे. येथून माझा एक नियम असतो: ज्याच्या हातात टॅब, त्याने बोलायचे नाही आणि जो बोलतो त्याने बोट लावायचे नाही. चौघांच्या गटात एकाचे बोट चालते, दुसरा तोंडी सूचना देतो, तिसरा आकडे लिहितो आणि चौथ्याचे काम फक्त शंका काढण्याचे असते. दर प्रश्नाला जागा बदलतात. सूचना देणाऱ्याला ‘ते तिकडे लाव’ म्हणून भागत नाही, ‘अॅमीटर दोन दिव्यांच्या मध्ये लाव’ असे पूर्ण वाक्य बोलावे लागते, आणि त्या निमित्ताने संज्ञा तोंडात बसतात.

दोन्ही दिवे सारखेच उजळतात आणि दोन्ही एकट्या दिव्यापेक्षा मंद असतात. ९ व्होल्टचा घट आणि प्रत्येकी १० ओहमचे दिवे घेतले, तर एकट्या दिव्यातून ०.९ अँपिअर आणि दोन दिव्यांच्या माळेतून ०.४५ अँपिअर धारा वाहते. पण येथे ‘पाहा, सारखे आहेत’ म्हणून पुढे गेले तर समजूत हलत नाही. अॅमीटर, म्हणजे धारा मोजणारे उपकरण, तीन ठिकाणी लावायला सांगावे: पहिल्या दिव्याच्या आधी, दोघांच्या मध्ये आणि दुसऱ्याच्या नंतर. एका गटात मधल्या जागेचा ०.४५ हा आकडा पाहिल्यावर मुलीने अॅमीटर काढून पुन्हा लावला, मग घट उलटा फिरवला, मग मला बोलावून म्हणाली, “बाई, टॅब अडकलाय.” तिच्या दृष्टीने ते बरोबरच होते, दिव्याच्या अलीकडे आणि पलीकडे आकडा तोच येतो, म्हणजे एक तर टॅब चुकतो आहे किंवा ती स्वतः. मी दिव्यांपैकी एकाचा रोध वाढवायला सांगितले. तिन्ही जागांचे आकडे एकदमच उतरले, आणि ती बराच वेळ बोलली नाही.

या शांततेनंतरच खरा प्रश्न विचारता येतो: धारा खर्च होत नसेल, तर बिल कशाचे येते? आपली भाषा येथे आपल्याला गोत्यात आणते. ‘वीज’ हा एकच शब्द आपण धारेसाठीही वापरतो आणि ऊर्जेसाठीही. वीज वाहते, वीज जळते, वीज वाया जाते, वीज जाते. मुलाने ‘वीज खर्च होते’ म्हटले तर ते ऊर्जेबद्दल अगदी खरे आहे आणि धारेबद्दल अगदी चूक. म्हणून त्या तासापुरता ‘वीज’ हा शब्द वर्ज्य करावा आणि प्रत्येक वेळी ‘विद्युतधारा’ किंवा ‘विद्युत ऊर्जा’ म्हणायला लावावे. बिलातील एक युनिट म्हणजे एक किलोवॉट-तास, म्हणजेच ऊर्जा, अँपिअर नव्हे. घरचे बिल आणून दाखवले की हे पक्के होते. इलेक्ट्रॉन घटाकडे परत येतात, ऊर्जा परत येत नाही, ती दिव्यातून उजेड आणि उष्णता होऊन गेलेली असते. नळपट्टीचा दाखला अनेक शिक्षक देतात. मी तो टाळते, कारण नळाचे पाणी खरोखरच वापरले जाते.

पडदा कोठे खोटे बोलतो

दुसऱ्या तासाला समांतर जोडणी, म्हणजे प्रत्येक दिवा घटाच्या दोन टोकांना स्वतंत्रपणे जोडलेला, घ्यावी. प्रश्न असा: एका दिव्याला समांतर दुसरा आणि मग तिसरा जोडला, तर पहिला मंद होईल का? बहुतेक मुले ‘होईल’ म्हणतात. सिम्युलेशन ‘नाही’ म्हणते. घरचा अनुभव मात्र मुलांच्या बाजूने असतो, कारण मोटार किंवा मिक्सर चालू करताना घरातला दिवा क्षणभर मंदावतो, हे अनेकांनी पाहिलेले असते. मुलाने हा आक्षेप काढला तर तो तासातला सर्वांत चांगला क्षण समजावा. सिम्युलेशनच्या ‘प्रयोगशाळा’ या भागात प्रगत पर्यायांत घटाचा अंतर्गत रोध, म्हणजे घटाच्या आतलाच अडथळा, आणि तारांची रोधकता वाढवता येते. सुरुवातीला घटाचा हा रोध शून्य असतो, म्हणजे पडद्यावरचा घट आदर्श असतो. वरचाच ९ व्होल्टचा घट आणि १० ओहमचे दिवे घेऊन तो १ ओहम केला, की एका दिव्याला ८.१८ व्होल्ट, दोन समांतर दिव्यांना ७.५ व्होल्ट आणि तिघांना ६.९२ व्होल्ट मिळतात, आणि दिवे डोळ्यांदेखत मंदावतात. हे आकडे मुलांनी आधी कागदावर काढावेत आणि मग व्होल्टमीटरने तपासावेत. ओहमच्या नियमाचा इतका सरळ उपयोग पाठ्यपुस्तकातल्या उदाहरणांत क्वचितच दिसतो.

आणखी दोन ठिकाणी पडदा दिशाभूल करतो. एक म्हणजे, त्यावर इलेक्ट्रॉन दाखवणारे निळे ठिपके ठळक आणि डोळ्यांना दिसेल अशा वेगाने सरकतात, तर प्रत्यक्षात साध्या तारेत इलेक्ट्रॉनांची सरासरी पुढची सरक एका सेकंदाला एक मिलिमीटरहूनही कमी असते. मग बटण दाबताच दिवा लगेच कसा लागतो? पडद्यावर नीट पाहिले तर सगळे ठिपके एकाच वेळी हलू लागतात. घटापासून निघून पहिला ठिपका दिव्यापर्यंत पोहोचण्याची वाट कोणी पाहत नाही. दुसरे म्हणजे, सिम्युलेशनमधला साधा दिवा ओहमचा नियम शिस्तीत पाळतो, खऱ्या दिव्याची तार मात्र तापली की तिचा रोध वाढतो. त्यामुळे खऱ्या दोन दिव्यांच्या माळेत धारा बरोबर निम्मी होत नाही, निम्म्याहून थोडी जास्तच राहते.

मग खरे साहित्य

म्हणूनच पडद्यानंतर टेबलावर घट, तारा आणि दिवे यायला हवेत. सिम्युलेशनच्या बाजूने एक प्रसिद्ध अभ्यास नेहमी पुढे केला जातो. कोलोरॅडो विद्यापीठातच फिंकेलस्टाइन आणि सहकाऱ्यांनी २००५ मध्ये तो प्रसिद्ध केला. त्यात सिम्युलेशन वापरलेल्या महाविद्यालयीन विद्यार्थ्यांना खऱ्या साहित्यावर काम केलेल्यांपेक्षा संकल्पना अधिक चांगल्या समजलेल्या आढळल्या, आणि खरा परिपथ जोडण्यातही ते सरस ठरले. यावरून प्रयोगशाळेला कुलूप लावावे असा निष्कर्ष कोणी काढू नये. खरे साहित्य मुलांना ज्या गोष्टी शिकवते त्या वेगळ्या आहेत: तारेवरचे आवरण खरवडल्याशिवाय जोड होत नाही, गंजलेल्या टोकाने दिवा लागत नाही, घट उतरलेला असतो. टॉर्चचे जुने दिवे आता सहज मिळत नाहीत आणि त्यांच्या जागी एलईडी आणावी, तर ती उलटी लावल्यास मुळीच लागत नाही. पडद्यावरच्या दिव्याला टोकांचा असा विधिनिषेध नसतो. एलईडी वापरायचीच असेल तर तिच्यासोबत रोध जोडावा, लांब तार धन टोकाला लावावी आणि हा फरक मुलांना आधीच सांगून टाकावा. नाहीतर सगळा तास तिथेच जातो.

बोटांच्या तक्रारी

स्पर्शपडद्याचे काही त्रास माउसच्या काळात नव्हते. बोट ज्या जोडावर टेकवायचे तो जोड बोटाखालीच झाकला जातो, म्हणून लहान फोनवर हे सिम्युलेशन चिडचिडीचे होते. आठ इंच किंवा त्याहून मोठा टॅब, तो आडवा धरलेला आणि परिपथ मोठा करून पाहिलेला, असे असेल तरच चौघे एकत्र काम करू शकतात. पडद्याच्या कडेवरून बोट आत ओढले की अनेक टॅबवर मागचे पान उघडते आणि वीस मिनिटांचा परिपथ नाहीसा होतो. एका गटाचे असे झाल्यावर त्या मुलांनी माझ्याकडे ज्या नजरेने पाहिले, ती अजून आठवते. तेव्हापासून परिपथ पडद्याच्या मध्यभागी रचायचा आणि प्रत्येक टप्प्यावर पडद्याचे चित्र साठवून ठेवायचे, हा नियम केला आहे. उजव्या कोपऱ्यातले नारिंगी गोल बटण सगळे पुसते, हेही सुरुवातीलाच दाखवून ठेवावे. डबा खाऊन आलेल्या हातांसाठी एक कोरडे फडके जवळ असू द्यावे.

टॅब नसतील आणि वर्गात एकच मोठा स्पर्शफलक असेल, तर शिक्षकाने फलकापासून दूर, मागच्या बाकाशी उभे राहावे. फलकावर एक मूल, बाकीच्यांच्या वह्या उघड्या. पहिला दिवा म्हणणाऱ्यांनी एक बोट, दुसरा म्हणणाऱ्यांनी दोन, सारखे म्हणणाऱ्यांनी मूठ वर करायची, आणि ती मोजणी फळ्यावर लिहिल्याशिवाय फलकाला हात लावायचा नाही. साठ मुलांच्या वर्गातही हे चालते. शिक्षकाने स्वतःच बोट चालवले, तर मात्र तो प्रोजेक्टरवरचा चित्रपट होतो.

समजले की नाही, हे कसे कळावे

सिम्युलेशनमध्ये जसे विचारले तसेच परीक्षेत विचारले, तर उत्तर आठवणीतून येते. मी गणपतीच्या आराशीतली दिव्यांची माळ विचारते. माळेतला एक दिवा गेला, की पूर्ण माळ न विझता तिचा एकच तुकडा विझतो. असे होण्यासाठी ती आतून कशी जोडलेली असेल, याची आकृती काढा. आकृती चिन्हांनीच काढायची. सिम्युलेशनमध्ये चित्र आणि चिन्हे यांत अदलाबदल करता येते, तिचा सराव त्यासाठीच आधी करून घ्यावा. ज्याने सगळे दिवे एकसर काढले त्याला एकसर जोडणी समजली आहे पण माळ समजलेली नाही. ज्याने सगळे समांतर काढले त्याचे उलट. एकसर जोडलेले दोन गट एकमेकांना समांतर, हे उत्तर ज्यांच्या कागदावर येते, त्यांनी ते टॅबवर बांधून एका जोडावर कात्री चालवून पाहावी.

या वर्षी एका मुलाने तसे केले. अर्धी माळ विझली, उरलेली जशीच्या तशी राहिली, आणि त्याने विचारले, “आता सगळी धारा यांनाच मिळणार, मग हे जास्त का उजळले नाहीत?” मी त्याला घटाचा अंतर्गत रोध १ ओहम करून पुन्हा कात्री चालवायला सांगितले. आधी वहीत काय लिहिशील, एवढेच विचारले, आणि तो पेन शोधू लागला.